स्कूल बोर्डावर विद्यार्थी सदस्य: कॅलिफोर्नियातल्या मुलांनी ही जागा कशी मिळवावी आणि कशी चालवावी

कॅलिफोर्नियात एखाद्या भागातल्या सरकारी शाळा स्कूल डिस्ट्रिक्ट चालवतं आणि त्याचा कारभार निवडून आलेलं स्कूल बोर्ड पाहतं. हायस्कूल चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये ठरावीक संख्येने विद्यार्थ्यांनी सह्या करून अर्ज दिला, की बोर्डाला विद्यार्थी सदस्य घ्यावाच लागतो. ‘बघू’, ‘पुढच्या वर्षी विचार करू’ असं म्हणायला कायद्याने जागा ठेवलेली नाही. राज्याच्या एज्युकेशन कोडच्या कलम ३५०१२ मध्ये हे स्वच्छ लिहिलं आहे. तरीही आपल्या मराठी घरांत ही माहिती फारशी पोचलेली दिसत नाही, आणि ती पोचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शाळा किती वाजता भरणार, कोणत्या वस्तीतली मुलं कोणत्या शाळेत जाणार, समुपदेशक किती असणार, सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, कोण, पैसा कशावर खर्च होणार, हे सगळं बोर्ड ठरवतं. बोर्ड निवडून देतात ते मतदार, म्हणजे बहुतेक ठिकाणी फक्त नागरिक. आपल्यातली कितीतरी घरं एच-वन-बी व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत. घराच्या प्रॉपर्टी टॅक्समधून ती शाळांना पैसे देतात, पण मतपत्रिका काही त्यांच्या दारात येत नाही. मुलं एच-फोरवर, म्हणजे व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर. या मुलांसाठी विद्यार्थी सदस्याची जागा मोलाची आहे, कारण कलमातली अट आहे ती डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलमध्ये नाव नोंदलेलं असण्याची. सही करणाऱ्यालाही तीच, त्या जागेवर बसणाऱ्यालाही तीच. अठरा वर्षं पूर्ण असण्याचीही गरज नाही.

आधी आपलं डिस्ट्रिक्ट नीट ओळखा

इथेच पहिला घोळ होतो. क्युपर्टिनो-सनीव्हेल भागात आठवीपर्यंतच्या अनेक शाळा क्युपर्टिनो युनियन स्कूल डिस्ट्रिक्टकडे आहेत आणि नववी ते बारावी फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टकडे. या दुसऱ्या नावातल्या ‘फ्रीमाँट’चा फ्रीमाँट शहराशी काही संबंध नाही, त्या शहरातल्या शाळा फ्रीमाँट युनिफाइडच्या. म्हणजे एकाच घरातली सातवीतली बहीण आणि दहावीतला भाऊ दोन वेगळ्या बोर्डांच्या अखत्यारीत असू शकतात. कलम ३५०१२ मधली ही तरतूद हायस्कूल असलेल्या डिस्ट्रिक्टना लागू आहे. फक्त आठवीपर्यंत शाळा असलेल्या डिस्ट्रिक्टकडे या कलमाखाली अर्ज करता येत नाही.

डिस्ट्रिक्ट कळलं की त्याच्या वेबसाइटवर बोर्ड पॉलिसी शोधा. बऱ्याच डिस्ट्रिक्ट कॅलिफोर्निया स्कूल बोर्ड्स असोसिएशनच्या नमुन्यावरून आपली धोरणं बनवतात, आणि त्या क्रमवारीत विद्यार्थी सदस्यांचं धोरण ९१५० क्रमांकाला असतं. ते सापडलं तर जागा आधीच आहे, सह्या गोळा करत बसू नका. निवड कशी होते आणि सदस्याला काय काय मिळतं ते वाचा आणि सरळ ‘निवड कोण करतं’ या भागाकडे या. नावापुरती जागा असणं ही तक्रार, जागाच नसण्यापेक्षा जास्त ऐकू येते.

सह्या किती लागतात

डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलांमधल्या एकूण विद्यार्थ्यांच्या १० टक्के, किंवा ५००, यांतला जो आकडा लहान असेल तो. डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलांत मिळून ३,००० मुलं असतील तर ३०० सह्या. ९,००० असतील तर १० टक्के म्हणजे ९०० होतात, पण ५०० पुरतात. पटसंख्या राज्याच्या शिक्षण विभागाच्या डेटाक्वेस्ट या साइटवर शाळेनुसार मिळते. ते पान छापून अर्जाला जोडा, म्हणजे आकड्यावरून वाद व्हायला नको.

गरजेपेक्षा निदान पंधरा-वीस टक्के जास्त सह्या घ्या. तपासणीत काही बाद होतातच: एकाच मुलीने दोनदा सही केलेली, नाव वाचता न येणारं, कुणी मध्येच शाळा सोडून गेलेला.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना आवर्जून सांगावी लागते. मंडळाच्या गणपतीत फळा-टेबल मांडून आई-बाबा, काका-मावश्यांच्या सह्या घेऊन उपयोग नाही. पालकांची एकही सही मोजली जात नाही. तिथे माहिती द्या, कुणाची मुलं कोणत्या शाळेत आहेत ते विचारा. सह्या मात्र मुलांच्याच.

अर्जाचा कागद

अर्ज एका पानाचा असू द्या. वरती चार वाक्यं पुरेत: आम्ही खाली सही करणारे या डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलांचे विद्यार्थी आहोत, एज्युकेशन कोड कलम ३५०१२ नुसार बोर्डावर किमान एक विद्यार्थी सदस्य घ्यावा अशी मागणी करतो, हा सदस्य विद्यार्थ्यांनी निवडलेला असावा, कायद्याने दिलेले सगळे हक्क त्याला मिळावेत. खाली रकाने: छापील अक्षरांत नाव, सही, शाळा, इयत्ता, तारीख. प्रत्येक पानावर वरची चार वाक्यं पुन्हा छापा. मागणीचा मजकूर नसलेल्या सुट्या कागदावरच्या सह्यांवर कुणीही बोट ठेवू शकतं.

घरचा पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख असलं काही मागू नका. ज्या घरांत कागदपत्रांची धाकधूक आहे, तिथली मुलं असा रकाना पाहून मागे फिरतात, आणि त्यांच्याइतकी ही जागा दुसऱ्या कुणाला गरजेची नाही.

सह्या गोळा करताना

शाळेत अर्ज फिरवायला परवानगी नाही असं एखाद्या व्हाइस प्रिन्सिपलने सांगितलं, तर मुलं घाबरून क्लिपबोर्ड दप्तरात टाकतात. त्यांनी एज्युकेशन कोडचं कलम ४८९०७ वाचलेलं असावं. सरकारी शाळेतल्या विद्यार्थ्यांना अर्ज आणि छापील मजकूर वाटण्याचा, सूचना फलक वापरण्याचा, बिल्ले लावण्याचा हक्क त्यात नाव घेऊन दिला आहे. वेळ, जागा आणि पद्धत यांचे वाजवी नियम शाळा घालू शकते. तास चालू असताना सह्या घेता येणार नाहीत, हे बरोबरच आहे. तेव्हा वाद घालू नका. शांतपणे विचारा, “मग कोणत्या वेळी आणि कुठे चालेल, ते लेखी सांगाल का?” या एका प्रश्नाने बहुतेक अडथळे दूर होतात.

डिस्ट्रिक्टच्या प्रत्येक हायस्कूलमध्ये दोन-तीन मुलांवर जबाबदारी द्या. आकडा एका शाळेतूनही भरेल, पण मग बाकीच्या शाळांतली मुलं ती जागा आपली मानणार नाहीत. कंटिन्युएशन हायस्कूल, म्हणजे क्रेडिट मागे पडलेल्या मुलांसाठीची छोटी शाळा, हमखास विसरली जाते. तिथे आधी जा. बोर्डाच्या निर्णयांचा फटका सगळ्यात जास्त तिथल्या मुलांना बसतो. आपल्या मुलांची बहुतेक ओळख ऑनर्स आणि एपी या वरच्या पातळीच्या वर्गांतलीच असते, म्हणून हे जरा जोर देऊन सांगते.

अर्ज द्या, आणि दिल्याचा पुरावा ठेवा

सगळ्या पानांच्या प्रती काढा. मूळ अर्ज सुपरिंटेंडंटच्या कार्यालयात प्रत्यक्ष नेऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह ‘मिळाला’ असा शिक्का घ्या. विद्यार्थी सदस्य घेण्याचा आदेश काढायला त्या तारखेपासून बोर्डाला ६० दिवस असतात. तेवढ्यात सभा होणार नसेल, तर तो पुढच्या नियमित सभेत काढावा लागतो. शिक्का नसेल तर ६० दिवस कधी सुरू झाले हेच सांगता येत नाही.

त्याच आठवड्यातल्या किंवा पुढच्या सभेत पब्लिक कॉमेंटमध्ये, म्हणजे लोकांना बोलायला दिलेल्या वेळात, उभं राहून अर्ज दिल्याचं जाहीर करा. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, हा ब्राउन ॲक्टचा, म्हणजे खुल्या सभांविषयीच्या राज्याच्या कायद्याचा, नियम आहे. बोलण्यासाठी चिठ्ठी कधीपर्यंत भरायची ते त्या पत्रिकेवरच दिलेलं असतं. वेळ बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं. पोडियमसमोर दिवा असतो: हिरवा, मग पिवळा, मग लाल. पिवळा लागला की मुलं घाईने वाचू लागतात आणि नेमकी मागणी शेवटी राहून जाते. म्हणून मागणी पहिल्या तीस सेकंदांत सांगायची. साधारण असं:

“नमस्कार. मी अकरावीत शिकते. आमच्या डिस्ट्रिक्टच्या चारही हायस्कूलांतल्या विद्यार्थ्यांनी सह्या केलेला अर्ज सोमवारी तुमच्या कार्यालयात दिला आहे. विद्यार्थी सदस्याची नेमणूक पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावी, अशी आमची मागणी आहे. आता त्याचं कारण सांगते. आमच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं. उघडं असलेलं दुसऱ्या इमारतीत आहे. रांगेत उभं राहिल्यामुळे पुढच्या तासाला उशीर होतो आणि आमच्या नावावर टार्डी, म्हणजे उशिराची नोंद, पडते. ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलीच नाही, कारण ती सांगेल असं इथे कुणी बसत नाही.”

यात एक अडचण आहे, तिचे परिणाम आहेत आणि एक मागणी आहे. ‘विद्यार्थी हे उद्याचे नागरिक’ छापाची वाक्यं काढून टाका.

आणि मुलांना आधीच सांगून ठेवा: बोलून झाल्यावर बोर्ड गप्प राहील. विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयावर चर्चा करायला किंवा निर्णय घ्यायला ब्राउन ॲक्टची मनाई आहे. हे ठाऊक नसलेलं पोर तो अपमान समजून रडवेलं होऊन घरी येतं. तो विषय पत्रिकेवर आणायचा मार्गही आहे: कलम ३५१४५.५ प्रमाणे डिस्ट्रिक्टच्या कामाशी थेट संबंध असलेला विषय पत्रिकेवर घ्या, अशी मागणी कुणीही नागरिक किंवा रहिवासी करू शकतो. त्याची पद्धत प्रत्येक बोर्डाने ठरवून ठेवलेली असते. किती दिवस आधी लिहायचं ते कार्यालयात विचारा.

निवड कोण करतं

कलम सांगतं की विद्यार्थी सदस्य विद्यार्थ्यांनीच निवडायचा, पद्धत मात्र बोर्डाने ठरवायची. सगळी गंमत या पद्धतीत अडकलेली असते, म्हणून ती ठरत असताना सभेला हजर राहा. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत वर्गाचा मॉनिटर बाईच ठरवायच्या. ‘हुशार आणि शिस्तीचा’ एवढा निकष असायचा. इथेही प्रिन्सिपलने नावं सुचवायची आणि सुपरिंटेंडंटने मुलाखत घेऊन एक ठरवायचं, अशी पद्धत पुढे येऊ शकते. ती मान्य करू नका. मोठ्या माणसांनी निवडलेलं मूल मोठ्या माणसांना आवडेल असंच बोलतं, यात त्या मुलाचाही दोष नसतो.

सगळ्या हायस्कूलांत एकाच दिवशी मतदान हा सरळ मार्ग. एक शाळा फार मोठी असेल तर दर वर्षी तिचाच उमेदवार येईल; तिथे आळीपाळी ठेवता येते, किंवा एकापेक्षा जास्त विद्यार्थी सदस्य मागता येतात. ओकलंड युनिफाइडमध्ये दोन स्टुडंट डायरेक्टर बसतात आणि त्यांच्यामागे शहरातल्या सगळ्या शाळांच्या विद्यार्थ्यांची ऑल सिटी कौन्सिल उभी असते. मला ही रचना सगळ्यात चांगली वाटते, कारण त्यात सदस्य एकटा पडत नाही.

उमेदवारीसाठी किमान जीपीएची, म्हणजे सरासरी गुणांची, अट घालू द्यायची की नाही, यावर मुलांमध्येच मतभेद होतात. अट जितकी वर, तितकी कंटिन्युएशन हायस्कूलची मुलं बाहेर. माझं मत अट नसावी असं आहे.

जागा मिळाल्यावर

मुदत एक वर्षाची, १ जुलैपासून. विद्यार्थी सदस्याला प्रेफरेन्शियल व्होट असतो. म्हणजे बोर्डाचं अधिकृत मतदान होण्याआधी त्याचं मत विचारतात आणि ते इतिवृत्तात लिहितात, पण ठराव मंजूर की नामंजूर हे मोजताना ते धरत नाहीत. ‘मग काय उपयोग?’ हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं. उपयोग आहे, दोन कारणांनी. पाच मोठ्या माणसांना आपलं मत द्यायच्या आधी, भरल्या सभेत, ते ऐकावं लागतं. आणि मागाहून ‘विद्यार्थ्यांचा याला पाठिंबा होता’ असं खोटं म्हणता येत नाही, कारण लेखी नोंद असते. म्हणून पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त मंजुरीला येतं तेव्हा आपलं मत बरोबर नोंदलंय का, हे सदस्याने दर वेळी तपासावं. चुकलं असेल तर तिथल्या तिथे हात वर करून दुरुस्ती मागावी.

खुल्या सभेचे सगळे कागद इतर सदस्यांना मिळतील तेव्हाच त्यालाही मिळायला हवेत. अधिकारी बोर्ड सदस्यांना माहिती द्यायला बैठक घेतात, त्या बैठकीला त्याला बोलवायला हवं किंवा त्याच सुमारास वेगळी माहिती द्यायला हवी. हे कायद्यातच आहे. बंद दाराआडच्या सभा, म्हणजे कर्मचाऱ्यांचे विषय, खटले, वेतनाच्या वाटाघाटी, त्याला खुल्या नाहीत. मिळालेले कागद वाचायला मात्र दोन संध्याकाळी राखून ठेवाव्या लागतात. शेकडो पानांचं पॅकेट असतं. सगळं वाचू नका. कन्सेन्ट कॅलेंडरवर नजर टाका. तिथे चर्चा न होता एका फटक्यात मंजूर होणाऱ्या बाबी असतात, आणि विद्यार्थ्यांना झोंबणारा एखादा करार तिथेच दडलेला असतो. तो वेगळा काढून चर्चेला घ्यावा, अशी विनंती सभेच्या सुरुवातीला करता येते.

सदस्याने बोर्डातल्या सगळ्यांना एकत्र ईमेल करून ‘तुम्ही कसं मत देणार?’ असं विचारू नये. बहुसंख्य सदस्यांनी सभेबाहेर चर्चा करणं ब्राउन ॲक्टला मान्य नाही. एकेकट्याला भेटायला हरकत नाही, पण एकाचं म्हणणं दुसऱ्याला पोचवायचं नाही.

मानधनाचा प्रश्न आपल्या घरांसाठी नाजूक आहे. विद्यार्थी सदस्याला क्रेडिट, दरमहा मानधन किंवा दोन्ही देण्याची मुभा २०२४ पासून बोर्डांना आहे. एच-फोरवरच्या मुलांना काम करून पैसे कमावता येत नाहीत. त्यामुळे अशा मुलाने मानधन स्वीकारण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि तोवर क्रेडिटवर थांबावं.

पैसा जिथे ठरतो तिथे

बोर्डावरची एक जागा मिळाली म्हणून बाकीच्यांनी घरी बसायचं नाही. डिस्ट्रिक्टचा पैसा कोणत्या विद्यार्थ्यांसाठी, कशासाठी वापरायचा याचा आराखडा म्हणजे एलकॅप. तो १ जुलैच्या आत मंजूर करावा लागतो. जूनमध्ये तो सुनावणीला येतो तेव्हा सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. मुलांनी जानेवारी-फेब्रुवारीत आत शिरायला हवं. १ जुलै २०२४ पासून मिडल किंवा हायस्कूल असलेल्या डिस्ट्रिक्टना एलकॅपसाठी एकतर पालक सल्लागार समितीत दोन विद्यार्थी घ्यावे लागतात, किंवा वेगळी विद्यार्थी सल्लागार समिती नेमावी लागते. तुमच्याकडे यांतलं काय आहे, हे आजच ईमेल करून विचारा. ज्यांना निवडणूक लढवायची नाही, पण आकड्यांत रस आहे, अशा मुलांसाठी ही जागा उत्तम.

विषय निवडताना मुलांनी आपल्या रोजच्या अनुभवातला धरावा. हायस्कूल ८:३० च्या आत भरवू नये हा राज्याचा कायदा २०२२ पासून लागू आहे. बस मात्र किती वाजता येते आणि ‘झिरो पिरियड’च्या, म्हणजे शाळा भरण्याआधीच्या जादा तासाच्या, नावाखाली किती मुलं पहाटे उठतात, हे बोर्डापेक्षा मुलांना जास्त ठाऊक. १ जुलै २०२६ पर्यंत प्रत्येक डिस्ट्रिक्टला फोनच्या वापरावर मर्यादा घालणारं धोरण आणायचं होतं, आणि ते बनवताना विद्यार्थ्यांचं म्हणणं लक्षात घ्यावं असं तो कायदाच सांगतो. दर पाच वर्षांनी ते सुधारायचं आहे. मधुमेहाचा सेन्सर फोनला जोडलेल्या मुलाचं काय, दुपारी धाकट्या भावंडाला आणायला जाणाऱ्या मुलीचं काय, हे प्रश्न तिथे मांडायचे. मराठी शाळेतल्या अभ्यासाला हायस्कूलचं क्रेडिट मिळावं, ही आपल्या अनेक घरांची इच्छा आहे आणि ती जरूर मांडावी. पण व्हिएतनामी, पंजाबी, स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांना बरोबर घेऊन मांडावी. सदस्य सगळ्यांचा असतो.

आई-बाबांसाठी

“अकरावीत हे कशाला? एपी आहेत, एसएटी आहे.” हा प्रश्न खोटा नाही. सभा आठवड्याच्या मधल्या वारी, संध्याकाळी, आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. म्हणून अर्जाचं काम दहावीत सुरू करावं आणि अकरावीत सदस्य व्हावं. बारावीचा पहिला अर्धा भाग कॉलेजच्या अर्जांत जातो. गाडीने सोडा, आणा, सभेला मागच्या रांगेत बसा. मुलाचं भाषण मात्र लिहून देऊ नका. बोर्डाला ते पहिल्या वाक्यात कळतं. आणि केवळ कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून मुलाला यात ढकलू नका, ती जागा ज्याला खरंच बोलायचंय त्याच्यासाठी सोडा.

इतर राज्यांत

नातेवाईक मेरीलँडमध्ये असतील तर त्यांना सांगा, तिथे अनेक काउंट्यांत विद्यार्थी सदस्याचं मत खरोखर मोजलं जातं. ॲन अरुंडेल काउंटीत १९७५ पासून पूर्ण मताधिकार आहे. हॉवर्ड काउंटीत कोविडच्या काळात शाळा उघडण्याच्या प्रश्नावर विद्यार्थी सदस्याचं मत निर्णायक ठरलं, पालक कोर्टात गेले, आणि २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मताचा हक्क कायम ठेवला. न्यू जर्सीत न्यूअर्कच्या १६-१७ वर्षांच्या मुलांनी एप्रिल २०२५ मध्ये स्कूल बोर्डासाठी मतदान केलं. आपल्याकडे बर्कलीत २०१६ साली आणि ओकलंडमध्ये २०२० साली मतदारांनी याला मंजुरी दिली होती, प्रत्यक्ष मतदान नोव्हेंबर २०२४ मध्ये झालं. हे मतदान नागरिक असलेल्या मुलांपुरतं आहे, हे लक्षात ठेवा.

वर्षाचा हिशोब

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धोरण आणि पटसंख्या शोधा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सह्या घ्या, हिवाळी सुट्टीच्या आत अर्ज द्या. म्हणजे ६० दिवस फेब्रुवारीत संपतात, मार्चमध्ये निवडीची पद्धत ठरते, एप्रिल-मेमध्ये मतदान होतं आणि १ जुलैला सदस्य बसतो. वसंतात अर्ज दिला तर मधे उन्हाळा येतो, सह्या करणारे बारावीचे विद्यार्थी निघून जातात आणि पाठपुरावा करायला कुणी उरत नाही.

एकदा निर्माण झालेली जागा आपोआप रद्द होत नाही. ती काढायची तर विषय आधी सार्वजनिक विषयपत्रिकेवर घ्यावा लागतो आणि बोर्डाच्या मतदार सदस्यांच्या बहुमताने ठराव करावा लागतो. म्हणून जूनमध्ये मुदत संपवणाऱ्या सदस्याने नव्याला एक फाइल द्यावी: अर्जाची शिक्का असलेली प्रत, धोरणाची प्रत, वर्षभरातल्या आपल्या मतांच्या नोंदी, अर्धवट राहिलेले विषय, आणि प्रत्येक शाळेत कुणाला फोन करायचा त्यांची नावं.